पहिला इंच

विश्रामबागच्या स्टॉपवर उतरले तेव्हा
पिशवीत होता अण्णांनी शिवलेला ॲप्रन.
बाकी सगळ्यांचे एकाच दुकानातले, साडेतीनशेचे,
माझा जतच्या आमच्या टपरीतला,
शाळेच्या गणवेशांतून उरलेलं टेरिकॉट,
कॉलर शर्टाची,
आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असा,
एसटीच्या पैशांसाठी चोरखिसा.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कंडक्टर आला!"
मीही हसले. हसायला काय जातं.

पहिले दोन महिने मी नुसतं भाषांतर करत होते.
अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन,
मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट,
संयुजा म्हणजे काय ते तर तस्नीमला विचारावं लागलं.
उत्तर माझ्याकडे असायचं,
पण ते दारात चपला काढत उभं राहायचं,
तोवर आत पुढचा प्रश्न सुरू.

"वन फॉर्टी सेव्हन."
"येस मॅडम."
शिवलीला हे नाव उरलं फक्त मेसच्या डब्यावर,
नेलपेंटनं लिहिलेलं,
त्यातलाही 'शि' घासून घासून गेलेला.

तस्नीम मुलाणी तासगावची, माझ्या खोलीतली.
झोपेत बडबडायची, हायड्रोजन हेलियम लिथियम,
सोडियमपाशी अडकायची.
मी अंधारात हळूच म्हणायचे, मॅग्नेशियम,
की ती कूस बदलून गाढ.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

गणितात वीसपैकी चार.
जतला क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो तेव्हाही होता,
चौऱ्याऐंशी टक्के, डाव्या डोळ्यात खिळा.
रविवारी अण्णांचा फोन.
"जमतंय न्हवं?"
मागं शिलाई मशीन थांबायचं, माझ्या उत्तरापुरतं.
"जमतंय."
मशीन परत सुरू.

मग ऑगस्टातला तो गुरुवार.
बिरनाळे मामांनी ट्रेमधून व्हर्नियर वाटले,
माझा देताना म्हणाले, "ह्यो जरा खोटं बोलतोय बघ."
जबडे घट्ट मिटले तरी
शून्यासमोर शून्य येईना.
मी दोनदा पुसला, तिसऱ्यांदा ओढणीनं.
आवटी मॅडम फळ्याशी: "झीरो एरर. व्हॉट डू वी डू?"

आणि मला अण्णांचा टेप दिसला.
पिवळा, गळ्यात टाकलेला, पहिला इंच झिजून तुटलेला.
अण्णा एकच्या खुणेपासून माप धरतात,
छाती पस्तीस आली की वहीत चौतीस लिहितात,
इतक्या वर्षांत एक ब्लाऊज बिघडलेला नाही.

हात कधी वर गेला कळलंच नाही.
"मॅडम, आधी किती चुकतंय ते बघायचं,
मग शेवटी तेवढं वजा करायचं.
टेप टाकून द्यायचा नाही."
कुणीतरी फिस्सकन हसलं.
मॅडम थांबल्या. "कुठला टेप?"
मी सांगितलं. सगळं. जतच्या मराठीत.
त्यांनी ऐकलं, फळ्याकडे वळल्या,
माझंच वाक्य इंग्रजीत लिहिलं
आणि म्हणाल्या,
"करेक्ट. पण टेप नको, इन्स्ट्रुमेंट म्हण."

त्यानंतर काही फार बदललं, असं नाही.
गणितात पुढच्या वेळी अकरा.
ॲप्रनला ॲसिडनं भोक पडलं, खिशाच्या बरोबर वर.
चपला काढणारं उत्तर आता कधी कधी
तसंच आत येतं, पायांना धूळ घेऊन.

दिवाळीला जाताना मारुती रोडवरून
अण्णांना नवा टेप घेतला, बारा रुपयांचा.
त्यांनी तो उलटसुलट पाहिला, खिळ्याला अडकवला,
आणि गळ्यात जुनाच.
"ह्याचं काय चुकतंय ते मला ठावं हाय," म्हणाले.
"नव्याचं कळायला वरीस जाईल."
मग ॲप्रन मागून घेतला.
भोक कशाचं, ते विचारलं नाही.
दिव्याखाली धरलं, बोटानं चाचपलं,
आणि सुईत दोरा ओवायला
सुई माझ्यापुढे केली.