टाचा टेकव

मानखुर्दच्या बालगृहातून आली तेव्हा नऊ वर्षांची,
म्हणजे कागदावर. हाडांचा फोटो काढून ठरवलेली नऊ.
नाव चैताली. चैत्रात सापडली म्हणून
तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी ठेवलेलं.
आदेशात होतं, तीन महिने, तात्पुरते संगोपन.
मीही कपाटातली एकच फळी रिकामी केली.

कन्नमवार नगर, दुसरा मजला,
मोरीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा.
आमच्याआधी राहिलेल्या पेडणेकरांचा मुलगा
तिथे वाढत गेला, मांडीपासून छातीपर्यंत,
मग ते लोक बडोद्याला गेले.
हे काय, तिने बोट ठेवून विचारलं.
उंची, म्हटलं. ये, उभी राहा.
ती चवड्यांवर.
टाचा टेकव, म्हटलं.
टेकवल्या. जरा वेळाने.
तिची पहिली रेघ त्याच्या शेवटच्या रेघेच्या चार बोटं वर.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष.
समितीच्या बाकावर दर खेपेला तोच प्रश्न, राहायचंय का,
आणि ती दर खेपेला
मॅडमऐवजी पंख्याकडे बघून म्हणायची, हो.
दातांच्या डॉक्टरने विचारलं, आईचे दात कसे आहेत?
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी तोंड उघडून दाखवलं.
तेव्हा हसली, किडक्या दाढेसकट.

एकदा फरशी पुसताना दिसलं,
पेडणेकरांच्या मुलाच्या एकेका रेघेपुढे
बारीक अक्षरात लिहिलंय : मी. मी. मी. मी.
सगळ्यात खालच्या रेघेपुढे फक्त
प्रश्नचिन्ह.
मी फडकं पिळलं आणि पुढे सरकले.
दिवाळीत रंगाऱ्याला सांगितलं, एवढी चौकट सोड.
खराब दिसेल, म्हणाला.
दिसू दे.

बिल्डरचं पत्र आणि तिची अठरा
एकाच आठवड्यात आली.
एका कागदाने घर मोकळं करायचं,
दुसऱ्याने मला केलं :
प्रतिपालनाचा कालावधी समाप्त. शिक्का. जावक क्रमांक.
यशवंतांनी तो लाइटबिलांच्या फायलीत लावला,
आणि बराच वेळ फाईल मिटेना त्यांच्याच्याने.
बिंदेश्वरी सुताराने चौकट काढली.
दाढेसारखी निघाली ती, मुळाशी भिंत घेऊन.
सागवानसुद्धा नाही हो ताई, काय करणार याचं?

आता ती परळला, नर्सिंगच्या हॉस्टेलवर.
आम्ही टागोर नगरात भाड्याने.
चौकट गॅलरीत उभी आहे, कशाचंच दार नसलेली,
तिच्यावर टॉवेल वाळतात.
ती रविवारी येते. आधी फोन करून विचारते,
येऊ का?
हा ‘का’ काही केल्या जात नाही.

परवापासून आमच्याकडे सर्फराज आहे,
सहा वर्षांचा. तीन महिने, तात्पुरता.
जेवला नाही. झोपतानाही बूट काढले नाहीत.
चैताली आली, सॅक ठेवली, टॉवेल बाजूला सारले,
त्याला चौकटीला पाठ लावून उभं केलं.
तो मान वाकडी करकरून रेघा बघतोय.
ही कुणाची?
ती ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधत होती.
तुला हवी तर तुझी, म्हणाली.
आधी बूट काढ.
आणि टाचा टेकव.