अडावदच्या अलीकडे

चौथं पंक्चर. टायरच्या आतून बोट फिरव भो,
सुपडू म्हणाला, काटा तिथंच असेल.
होता. बाभळीचा, तांदळाच्या कणीएवढा.

मग त्याने माझी पिशवी हातात तोलली:
एवढं बिऱ्हाड?
स्टोव्ह राहू दे इथं. कळण्याची भाकर
कोणत्याही दारात मिळेल,
पाणी मात्र तुझं तू वाहा.
अकराच्या आत सावली धर.
तंबू केळीत टाकू नको;
रातची लाइन आली की मोटर चालू होते,
झोपेत भिजशील.

पैसे घेतले त्याने फक्त सोल्यूशनचे.

तापी ओलांडली तेव्हा सायकल हलकी होती.
दारात उभं राहून मागायची लाज तेवढी
कॅरिअरला बांधलेली
अजून,
दोन गाठी मारून.