शिवराई

आधी गोगलगायी पडल्या.
काचेवरून एकेक, उताण्या,
आणि मी म्हटलं, उन्हाळा आहे, पाणी तापलं असेल.
मग पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी, कोपऱ्यात आडवी.
मग झेनियानं मुठी मिटल्या.
अडीच वर्षं, मी झोपलेला असतानासुद्धा,
त्या उघडत होत्या, मिटत होत्या.

चाचणीच्या नळीत पाणी निळसर झालं.
तांबं.
तांबं कुठनं आलं?
पंप खोलला, वायरी चाचपल्या,
हातातलं कडंही काढून बघितलं वेड्यासारखं.
रात्री अकराला वाळूत बॅटरी मारली
आणि खडकामागं शिवराई.
एका कडेनं हिरवी झालेली.

रविवारी हौसाआत्या येऊन गेली होती, कोडोलीहून.
एसटी पंचगंगेच्या पुलावर आली की
खिडकीतनं पैसा टाकल्याशिवाय न राहणारी बाई.
मीच तिला सांगितलं होतं कौतुकानं:
आत्या, हे साधं पाणी नव्हं, समुद्र हाय.
समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता.
तिनं चपला नव्हत्याच घातल्या, तरी पाय पुसले.
मी चहा सांगायला आत गेलो.
तेवढ्यात चंची सोडली असणार.

तिच्या बोटात पोवळं आहे, मंगळाचं.
गुजरीतनं रतीवर तोलून घेतलेलं
आणि तांब्यात मढवलेलं.

मुश्ताकला फोन लावला. उद्यमनगरात त्याचं पॅटर्नचं दुकान.
"येतो गा. दगडाला हात लावू नको."
आला तो केसांत लाकडाचा भुसा घेऊनच,
बरोबर पटाशी, छिन्नी, दातांच्या डॉक्टरचा जुना चिमटा
आणि तालमीच्या महाप्रसादाचे तीन टब.
चार वेळा धुतले. तरी आमटीचा वास जाईना.
पाचव्यांदा धुतले.

"दगड तांबं पितो," तो म्हणाला,
"आणि मग महिनोन्महिने ओकत बसतो.
दगड सोडायचा. जीव तेवढा उचलायचा."

मुंबईहून एकेक करून आणलेला दगड.
त्याला मी घर म्हणायचो, पाहुण्यांसमोर.

झोआचं विष डोळ्यांत उडतं,
म्हणून मी लेकीचा पोहायचा गुलाबी चष्मा लावला,
मुश्ताकनं वेल्डिंगचा.
न्हाणीत दोघं उकिडवे.
तो पटाशी अशी सरकवायचा, अंगठ्याच्या जोरावर,
जसं ओल्या सागावरनं पापुद्रा काढतोय.
मी धरायचो, नव्या पाण्यात खळबळायचो,
दुसऱ्या टबात, मग तिसऱ्यात.
मीठ विरघळायला वेळ लागत होता.
थर्मामीटरवर सव्वीस,
आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार.
कुणी काही बोललं नाही. एकदाच तो म्हणाला,
"ही गेली गा," आणि तळहात पुढं केला.
झेनिया. बोटांमधनं गळत होती,
साबुदाण्याच्या खिरीसारखी.

चौतीसमधले अकरा.

आठवडाभर घरातली माणसं परसात अंघोळ करतात.
न्हाणीत कोळशाची पिशवी, हवेच्या नळीची बुडबुड,
आणि बायकोनं दारावर चिकटवलेला कागद:
साबण आत नेऊ नये.
मश्रूमचे बटणाएवढे गोळे झालेत, घट्ट.
जिवंत की मेलेले, ते सांगत नाहीत.
मी स्टुलावर बसतो. बदलतो पाणी, बघतो, बदलतो.
मुश्ताक कामावरनं जाताना सायकल उभी करून
नुसतं डोकावतो.

आत्याचा फोन आला.
आंबे पाठवलेत म्हणाली. मग आवाज खाली आणून:
"आनि माझा पैसा? हाय न्हवं पाण्यात?"

शिवराई माझ्या टेबलाच्या खणात होती,
चाचणीच्या नळ्यांशेजारी.
"हाय की," मी म्हटलं. "दिसतोय."
"मग बरं झालं," ती म्हणाली.
"बाळ्या, समुद्राला रिकाम्या हातानं बघू नये."

फोन ठेवून न्हाणीत गेलो.
दुसऱ्या टबात, कडेला,
एका मश्रूमची झालर थोडी सुटली होती.
का पाणी हलत होतं म्हणून तसं दिसलं.
मी हवेची नळी चिमटीत दाबून धरली
आणि पाणी थांबायची वाट बघत राहिलो.