वजावट

शारजात, रोला चौकामागे, चौथ्या मजल्यावर
बिजॉय कुरियन माझं घर मोजतोय.
टेपने नाही, कॅल्क्युलेटरवर.

"हॉल किती? त्यात दुकान किती?"

दुकान म्हणजे शिलाई मशीन, दोन रॅक,
पलंगाखाली सहा खोकी कुंच्या
आणि मोबाइलमधलं एक पान,
जिथे मी रात्री अकरानंतरही उघडी असते.
तिसरा हिस्सा, मी म्हणते.
पलंग धरला तर अर्धा.
पलंगाखाली माल, पलंगावर आम्ही,
त्या उंचीचं भाडं कसं वाटून घ्यायचं
ते त्याच्या कायद्यात नाही.

कर शून्यच येणार, हे तो दारातच बोलून गेला.
पण मॅडम, शून्यसुद्धा सिद्ध करावं लागतं.

म्हणून पावत्या.
बिस्किटांच्या डब्यातून चादरीवर ओतल्या.
निम्म्या कोऱ्या.
ऑगस्टभर डबा खिडकीत होता,
उष्म्याने आकडे पिऊन टाकले:
खणाचे, लेसचे, बटणांचे,
युनूस मास्तरांच्या मजुरीचे.
मुलतानचे मास्तर, कुंची आता डोळे मिटून शिवतात,
झालर मात्र अजून त्यांच्या गावची, बोटभर रुंद.
मी एक कोरा कागद दिव्यासमोर धरते.
"एकोणचाळीस होते. शपथ."
बिजॉय मान हलवतो.
आठवण चालत नाही.

इस्त्री?
कुंच्यांनाही लागते, दिनकरच्या शर्टांनाही.
टॅक्सी?
देऱ्याच्या कापडबाजारापर्यंत धंद्याची,
येताना सुरमई घेतली, तिथून घरची.
घाऊक गिऱ्हाइकाला पाजलेला चहा?
"अर्धा."
अर्धाच का रे?
"कायदा समजतो, उरलेला अर्धा
तुम्ही आपल्या सुखासाठी प्यालात."
हे मला पटलं.

आणि ती बाहुली, फोटोसाठी आणलेली?
पूर्ण धंद्याची.
तिला कुंची घालते, कड कानामागे सारते,
आणि फोटो झाल्यावर
हनुवटीखालचा बंद जरा सैल करते.
ते लिहू नकोस.

मग परत आलेला माल.
वर्षात अकरा पाकिटं. दहांवर कारणं:
रंग वेगळा दिसतो. माप लहान.
सासूबाईंना इरकल हवं होतं.
अकरावं अबुधाबीहून, मुसफ्फाचा पत्ता.
हिरवी कुंची, पिवळे काठ, माप नवजात.
पाकीट फोडलेलंही नाही.
कारणाची ओळ मोकळी.

पैसे मी त्याच संध्याकाळी पाठवले होते.
नंबर लावला होता,
वाजायच्या आत ठेवून दिला.

"माल खराब?"
नाही.
"मग साठ्यात घ्या, पुन्हा विकता येईल."
नाही.
"मग नुकसान दाखवू. वजा होऊन जाईल."
त्याचं पेन रकान्यावर टेकलेलं.
खाली पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक मागे येतोय,
टीं टीं टीं, कोणी मध्ये असेल तर सरका.

थांब, मी म्हणते. बिलबुक काढते.
हिरवी कुंची, एक नग, पासष्ट दिरहम.
सवलत नाही.
पर्समधल्या नोटा मोजून
त्याच बिस्किटांच्या डब्यात टाकते.
गिऱ्हाइकाच्या नावापुढे माझं नाव,
माहेरचं, का कोण जाणे.

बिजॉय बिल वाचतो.
"हे वजा नाही होणार, मॅडम. हे खासगी."
माहीत आहे.
"उलट उत्पन्न वाढलं, पासष्टने."
वाढू दे.

तो काही विचारत नाही.
ढिगातली पुढची पावती उचलतो, तीही कोरी,
आणि आपणहून
दिव्यासमोर धरतो.