निळं खाद्य

तळघरात सकाळ होत नाही.
सात वाजले की दिवे आपोआप लागतात
आणि सोरखा वजनकाटा पुसून घेते.

डावीकडच्या पिंजऱ्यांत तपकिरी खाद्य, उजवीकडे निळं.
निळं म्हणजे चरबीचं. रंग एवढ्याचसाठी
की पेंगुळलेल्या माणसाचीही गल्लत होऊ नये.
बोटांना लागतो. साबणाला दाद देत नाही.

छत्तीस ग्रॅम. एकेचाळीस. सत्तेचाळीस.
सत्तेचाळीसवाला काट्यावर बसून
निवांत मिशा पुसतो.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर चिनेलोनं
एकदा बोलावून दाखवलं:
ही राखणदार पेशी. बिघडलेलीला हुडकायचं,
भिडायचं, भोसकायचं, एवढंच हिचं काम.
निळं खाणाऱ्या उंदराची राखणदार
गाठीपर्यंत पोचली होती, नाही असं नाही.
अगदी खेटून बसली होती,
पोटात तेलाचे थेंब,
पंगतीतून उठलेल्या पाहुण्यासारखी.
हात उचलत नव्हता तिचा.

चरबी चढली की माजतात म्हणे.
ही तर नुसती सुस्तावली होती.

सोरखाला वडील आठवले.
कॉर्कच्या लोण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
पावावर बोटभर थर,
आणि स्वतः काडी. सत्तावन्न किलो.
त्यांच्या आतड्यातल्या गाठीपाशी
कोण पेंगत बसलं होतं?
तिनं विचारलं. जरा चाचरतच.

चिनेलोनं डोळा भिंगावरून काढला नाही.
"एका माणसाचं गणित आम्हाला येत नाही, सोरखा.
हजारांचं येतं थोडंफार.
तेही उंदरांचं जास्त."

पुढच्या महिन्यात तिसरी रांग येणार आहे,
ऑलिव्हच्या तेलाची.
सगळी चरबी सारखी नसते, असा वहीत तर्क आहे,
पुढे प्रश्नचिन्ह.
तिचा रंग अजून ठरलेला नाही.

घरी आई अजून
तेवढंच लोणी आणते, दर शुक्रवारी, पिवळंधमक,
दोन माणसांत तिघांचं.
उरलेलं खवट होतं.
आठवड्याच्या शेवटी सोरखा ते
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून टाकते,
आई तेव्हा खिडकीबाहेर बघते,
दोघी काही बोलत नाहीत.

मग ती हात धुते. कढत पाण्यानं, बराच वेळ.
ओशटपणा जातो.
नखांच्या कडेचा निळा
तेवढा राहतो.