लांबी

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, जिथे पूर्वी बर्फ फोडायचे,
त्या शेडमध्ये एक बाई आडवी पडलीय.
अठरा फुटांची. आत थर्माकोल, वर पातळ कातडी.
हेरिंग साफ करणारी. गुडघ्यांखाली अजून व्हायचीय.
मानेत, खांद्यात, गालावर सांधे उघडे,
आणि कुशीत एक खड्डा, मांजर झोपेल एवढा.

कशाने भरायचं? मॉरीन विचारते.
घासायला सोपं हवं. माझी मनगटं आता साठीची झालीत.

मग आम्ही फळीवर नमुने लावून
फळी बाहेर ठेवली, आठवडाभर.

प्लास्टर जड, आणि कडेला तडकलं.
भिंतीची पुट्टी लोण्यासारखी घासली गेली
आणि हंबरवरून आलेल्या एका रात्रीच्या तिरप्या पावसात
लोण्यासारखीच निघून गेली.
राहिली गाडीची लांबी.

तिला मी ओळखते.
चौथीत बाईंनी विचारलं होतं, लांबी म्हणजे काय?
वर्ग म्हणाला, रुंदीच्या आधी येते ती.
मी म्हणाले, डब्यातली. राखाडी.
गुलाबी मलम नखाएवढं घालायचं, थंडीत थोडं जास्त,
आणि चहा निवायच्या आत लावून संपवायची.
बाई हसल्या. मिरजेत स्टँडमागे आमचं गॅरेज होतं.

वडील म्हणायचे,
जुन्या रंगापेक्षा लांबी कडक झाली तर रंग झिजतो,
मऊ राहिली तर लांबी झिजते.
कागद दोघांना एकच. त्याला काय कळतंय?

पण इथे तिने दगा दिला.
कातडी फाटली होती तिथून आत शिरली
आणि थर्माकोल खात सुटली.
भरायला गेली ती खड्डा वाढवून आली.
असे पाहुणे आमच्याकडेही यायचे.

शेवटी इपॉक्सी, आणि तिच्यात काचेची पोकळ पूड.
पोतं जड असेल म्हणून जोर लावला
तर हात पोत्यासकट डोक्यावर गेले.
मास्क लावून श्रीखंडाइतपत घट्ट कालवलं,
हीटर लावला, रात्रभर वाट पाहिली.
सकाळी ऐंशी नंबरच्या कागदाखाली
ते कुरकुरलं नाही की चिकटलं नाही.
पांढरी धूळ होऊन उतरत राहिलं,
आणि भोवतीची बाई होती तिथेच राहिली.
मॉरीन म्हणाली, अकरा किलो मागव.

दोन दिवस तिची बोटं घासली.
डोळे मिटायचे, तळव्याखाली मऊ फडकं धरायचं,
म्हणजे केसाएवढा उंचवटाही सांगतो मी आहे म्हणून.
हेही मिरजेचं.
दहाही बोटं काकडीसारखी गुळगुळीत झाली.

गुरुवारी रॉय ऑल्सॉप आला, शेडचं भाडं न्यायला.
बराच वेळ हातांपाशी उभा राहिला.
त्याची मावशी हेच काम करायची.
चिंध्या कुठायत? तो म्हणाला.
बोटांना चिंध्या बांधायच्या त्या, प्रत्येक बोटाला.
नाहीतर सुरी लागते, आणि मीठ शिरतं.

कुणी काही बोललं नाही.
मॉरीनने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं,
दातांनी फाडलं, उरल्या कालवणात बुडवलं
आणि अंगठ्याला गुंडाळू लागली.
हे घासायचं नाही, म्हणाली.

मी गालाकडे वळले.
उघड्या हाताने चाचपत राहिले,
कमी कळत होतं.