बुश

धुण्यात एकच मोजा पडतो.
कुमुदनं हे तीन आठवडे बघितलं
आणि चौथ्यात विचारलं : दुसरा पाय कुणाला दिलात?

डावं पाऊल थंड. करंगळी निळसर,
दौतीत बुडवून काढल्यासारखी.
म्हटलं, डिसेंबर आहे, धनकवडीत गारठा असतोच.
म्हणाली, एकाच पायाला?

जांघेतलं मात्र मी सांगितलं नव्हतं.
लिंबाएवढी गाठ, बोट ठेवलं की ठोके देणारी.
रात्री पंखा बंद असला की
पायजम्याच्या नाडीखाली कुणीतरी
जॉबवर बारीक हातोडी मारत बसलेलं.

चौतीस वर्षं लेथवर काढली,
पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये.
दोन पॉइंट सैल बेअरिंग मला कानानं कळायचं.

अकरा वर्षांपूर्वी पानसे डॉक्टरांनी खुबा बदलला.
वाटी, गोळा, दांडी, तीन स्क्रू.
मी विचारलं होतं, थ्रेड कुठला?
ते हसले. तळजाई चढलात की फोन करा, म्हणाले.
केला होता.
आता तो नंबर कुठल्याशा केटररचा आहे.

डॉक्टर तांबोळी माझ्या नातीहून चारसहा वर्षांनी मोठ्या.
गाठीवर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटले त्यांनी.
मशीन ऐकताना मीही मिटायचो.
मग स्क्रीनवर दाखवलं : वाटी सरकलेली,
एका स्क्रूचं टोक बाहेर
आणि रोहिणी दर ठोक्याला त्यावर घासत आलेली,
इतकी हळू, की मला कळलं तेव्हा
चुरा करंगळीपर्यंत पोचला होता.

"आतून नळी बसवू, अस्तराची. भोक बंद होईल.
वाटीचं नंतर बघू."
म्हणजे बुश मारायचा.
"बुश?"
कुमुद म्हणाली, हो म्हणून टाका डॉक्टर,
नाहीतर ते कागदावर काढून दाखवतील.

फॉर्मवर, पाय गमवावा लागू शकतो, असंही होतं,
बारीक टायपात, सहाव्या ओळीत.
चष्मा लावून वाचलं. सही नेहमीपेक्षा जरा मोठी आली.

रात्री नर्सनं दोन्ही पावलांवर पेनानं फुल्या काढल्या,
जिथं ठोका लागतो तिथं.
भोक पाडण्याआधी आम्ही पंच मारायचो, तशा.
दर तासाला येते, फुलीवर बोट ठेवते,
लागतोय, म्हणते, आणि लिहून घेते.

पहाटे कुमुदनंही ठेवून बघितलं.
बराच वेळ.
काही बोलली नाही.
बोट उचललं तेव्हा
डावीकडची फुली थोडी पुसली होती.